लंकाबाईच्या वहीतली नावं

सुप्याच्या एका इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसवर ड्रायव्हरचं नाव बिभीषण आणि पोरं सांभाळणाऱ्या मावशीचं नाव लंकाबाई. हजेरीपत्रकात ही दोन नावं एकाखाली एक आली त्या दिवशी शाळेचा क्लार्क इतका हसला की हातातला चहा टेबलावर सांडला. बिभीषणाला हा विनोद कधीच आवडला नाही. लंकाबाईला मात्र भारी आवडायचा. नवीन पालक बसच्या दाराशी पोराला सोडायला आला की ती आपण होऊन सांगायची, "मी लंका, अन् ह्यो बिभीषण. काळजी करू नका, अजून जळाले न्हाई."

ती मूळची पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे दसरा झाला की तिची शाळा सुटायची ती थेट उन्हाळ्यात भरायची. चौथीपर्यंतच्या चार इयत्ता तिनं अशा सहा वर्षांत पुऱ्या केल्या. उरलेलं शिक्षण फडावरच्या कोप्यांमध्ये, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत झालं. तिथं गावोगावची माणसं एकत्र यायची आणि पाण्याच्या टाकीपाशी बायकांची भांडणं जुंपायची. लंकाबाई घागर बाजूला ठेवून ती भांडणं मन लावून ऐकायची. कुठल्या गावची बाई कुठला शब्द फेकते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. पुढं ती स्वतः भांडायला उभी राहिली तेव्हा अर्धा तास भांडून एक शब्द दुसऱ्यांदा वापरायची नाही. समोरची बाई शेवटी हसायलाच लागायची.

लग्न झालं, नवरा आसाराम सुप्याच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला आणि कोयता कायमचा खुंटीला गेला. दोन मुली शिकल्या, थोरली नगरला नर्स झाली. घर रिकामं झालं तेव्हा लंकाबाई या बसवर आली. राळेगणसिद्धीहून निघायचं, वाडेगव्हाणला हायवेला लागायचं, पळव्याची पोरं घ्यायची आणि सुप्याला उतरवायची. अडतीस पोरं. त्यातली निम्मी शेतकऱ्यांची, निम्मी कंपनीतल्या साहेबांची.

पोरं चांगली होती, पण तिचं बोलणं त्यांना कळायचं नाही. याचा तिला आधी राग आला, मग गंमत वाटली आणि मग एके दिवशी घाम फुटला. झालं असं की, चौथीतला धवल खिडकीतून हात बाहेर काढून बसला होता आणि मागून कांद्याचा टेम्पो अगदी चिकटून येत होता.

"ए पोरा, कोपर आत घे! कोपर!" लंकाबाई ओरडली.

धवलनं शांतपणे सीटच्या कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं त्याची बॅग होती. ती त्यानं उचलून मांडीवर घेतली आणि पुन्हा हात बाहेर काढला. लंकाबाईनं झेप घालून त्याचा दंड धरून आत ओढला तेव्हा टेम्पो खिडकीला वारा घालून गेला.

"आरं, कोपर म्हनजी काय, म्हाईत न्हाई तुला?"

"कॉर्नर ना?" धवल म्हणाला.

त्या दिवशी घरी जाऊन तिनं आसारामला विचारलं, "साहेबाचं पोरगं हाय, विंग्रजी फाडफाड बोलतंय, अन् सोताच्या हाताला काय म्हनत्यात ते ठावं न्हाई. असं कसं वो?" आसाराम म्हणाला, "तुला काय करायचंय? तू दार उघड, दार लाव." लंकाबाईला आयुष्यात जे जे करू नको म्हणून सांगितलं गेलं, त्यातलं निम्मं तिनं त्याच आठवड्यात केलेलं होतं.

त्याच महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमला मॅडम यांनी नवा नियम काढला. मॅडम नगरच्या. घरात तीन पिढ्या मास्तरकी. स्वतः शिस्तीच्या, पण संस्थाचालक आणि पालक दोन्ही बाजूंनी मागं लागले होते की पोरं वर्गाबाहेर इंग्रजी बोलतच नाहीत. मग बसमध्ये एक स्टिकर लागला आणि लंकाबाईच्या हातात दोनशे पानी वही आली.

"बसमध्ये फक्त इंग्लिश," मॅडम म्हणाल्या. "जो मराठीत बोलेल त्याचं नाव या वहीत लिहायचं. शनिवारी त्याचा खेळाचा तास बंद."

"पर मॅडम, मला कुठं विंग्रजी येतं?"

"तुम्हाला मराठी येतं ना? मराठी शब्द ऐकू आला की नाव लिहायचं. सोपं आहे."

"लई सोपं हाय," लंकाबाई म्हणाली. तिच्या तोंडावर इतका भोळा भाव होता की तिला ओळखणारा माणूस तिथूनच पळाला असता.

पहिल्या शनिवारी वही मॅडमच्या टेबलावर आली. तिच्यात अडतीसच्या अडतीस नावं होती आणि एकोणचाळिसावं बिभीषणाचं.

"सगळे? सगळे मराठीत बोलले?"

"समदे. ह्यो धवल 'बस' म्हनला. आमी बी बसच म्हनतो. ही अपूर्वा 'पेन' म्हनली. ते बी मराठीच. कुनी 'पेपर' म्हनलं, कुनी 'डॉक्टर' म्हनलं. बिभीषण तर दिवसभर 'ब्रेक, ब्रेक' करत हुता."

"लंकाबाई, हे इंग्रजी शब्द आहेत!"

"आसं?" लंकाबाईनं पदर तोंडाला लावला. "मग माझी सासू जलमभर विंग्रजीच बोलत हुती म्हनायची. टेम्पो, मोटार, लाईट, समदं म्हनायची. आमी उगंच तिला अडाणी समजलो."

मॅडमनी चष्मा काढला आणि तो पुसण्यात बराच वेळ घालवला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला तेव्हा त्या गंभीर झाल्या होत्या. "हे बघा. ज्याचं अख्खं वाक्य मराठी असेल, एकही इंग्रजी शब्द नसेल, त्याचंच नाव लिहा."

"अन् मधी एखादा विंग्रजी शब्द आला तर?"

"तर नाही लिहायचं."

"बरं. आता चूक हुनार न्हाई."

दुसऱ्या शनिवारी वही कोरी. मॅडम खूश झाल्या. वही द्यायला धवल लंकाबाईबरोबर आला होता, त्याच्याकडं पाहून त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड! म्हणजे तुम्ही सगळे इंग्लिश बोलायला लागलात."

"न्हाई मॅडम," लंकाबाई म्हणाली, "विंग्रजी बी न्हाई बोलत. 'मावशी, माझी बॉटल लीक झाली आणि बॅग वेट झाली.' ह्येला काय म्हनावं? 'मला विंडोजवळ सिट करायचंय.' ही कंची भाषा? आठ दिवस कान टवकारून बसले. अडतीस पोरांत एकाला बी धड मराठी वाक्य येत न्हाई. कुनाचं नाव लिवू?"

मॅडमनी कोरी वही मिटून परत दिली. धवलचा चेहरा मात्र पडला. परीक्षेत कमी मार्क पडले तर त्याला काही वाटायचं नाही, पण 'येत नाही' हे त्याला सहन होत नसे.

सोमवारी बसमध्ये चढताचढता तो म्हणाला, "मावशी, मी बोलू शकतो मराठीत फुल सेंटेन्स."

"पडलास," लंकाबाई म्हणाली. "बस खाली."

बस हसली. धवल लाल झाला. पळव्यापर्यंत तो ओठ हलवत काहीतरी जुळवत होता. "मावशी, मी काल माझ्या मित्राच्या घरी बर्थडेला…" आणि त्यानंच कपाळावर हात मारला.

पहिलं नाव लागलं ते तिसरीतल्या अपूर्वाचं. ही मुलगी एरवी तोंड उघडायची नाही. सुप्याचा चौक जवळ आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या डब्यात आज मेथीची भाजी आहे आणि मला ती मुळीच आवडत नाही."

लंकाबाईनं एकेक शब्द बोटावर मोजला. मग पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. अपूर्वानं मान वाकवून ते पाहिलं. खेळाचा तास गेला होता, पण त्या दिवशी शाळेच्या पायऱ्या ती एखाद्या नवरीसारखी चढली.

मग काय, सगळ्यांनाच वहीत नाव हवं झालं. लंकाबाई परीक्षक म्हणून महा कडक. 'टिफिन' म्हटलं की पडला, 'होमवर्क' म्हटलं की पडला. धवल वकिली करायचा. "पण मावशी, 'बस' चालतं ना? तुम्हीच मॅडमना सांगितलं होतं."

लंकाबाईनं पेनाचं टोपण पुन्हा लावलं. मग म्हणाली, "आसं कर. ज्याला आपल्या घरात दुसरा शब्द हाय, तो घरातला वापर. खिडकी हाय, मग विंडो कशापाई? पर बशीला दुसरं काय म्हनशील? ती आली, ऱ्हायली, आपलीच झाली. सुनंला काय परत धाडतो का आपुन?"

पोरं घरी जाऊन शब्द गोळा करायला लागली. कुणी 'ओंजळ' आणली, कुणी 'चिमूट'. पळव्याच्या एका पोरानं आजोबांकडून 'पसा' आणला आणि एका हाताची ओंजळ करून सगळ्यांना दाखवली. धवलनं शोध लावला की पाणी गटागट पितात, जेवण बकाबका खातात आणि रडताना मुळुमुळू किंवा ढसाढसा रडतात, आणि कुठलं रडणं कुठल्या कामाला उपयोगी पडतं याचे प्रयोगही त्यानं घरी करून पाहिले. एकदा मागच्या सीटवरून मागणी आली, "मावशी, शिव्या सांगा ना."

"शिव्या न्हाई सांगायची. पर लागतील आसे शब्द सांगते," लंकाबाई म्हणाली आणि तिनं येडबंबू, घुम्या, रडतोंड्या, चोंबडा अशी खैरात केली. त्या दिवशी बस सुप्यात पोचेपर्यंत प्रत्येकाला एकेक नाव मिळालं होतं. बिभीषणाला मिळालं 'घुम्या'. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि त्यामुळं ते नाव आणखीच पक्कं झालं.

एका सकाळी वाडेगव्हाणच्या थांब्यावर अपूर्वाबरोबर नऊवारीतली एक म्हातारी उभी होती. अपूर्वाची आजी, अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावाहून आलेली. तिनं लंकाबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच का ती लंकाबाई?"

"व्हय. काय झालं, आजी?"

"ही पोरगी आधी फोनवर 'हाय आजी, बाय आजी' म्हणून ठेवून द्यायची. आता रोज फोन. भाताच्या रोपांना काय म्हणतात, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. काल माझं कालवण करपलं. आता मला सांग, कालवण कोणी भरून द्यायचं?"

"करपल्याला विंग्रजीत काय म्हनत्यात ते हिला इचारा, आजी, म्हंजी फिटंल," लंकाबाई म्हणाली. म्हातारी रागानं बघत राहिली आणि मग बोळकं पसरून अशी हसली की बिभीषणानं हॉर्न द्यायचा थांबवला. जाताना तिनं तांदळाची एक पिशवी लंकाबाईच्या हातात कोंबली.

चौथ्या शनिवारी खेळाच्या तासाला मैदान जवळपास ओसाड होतं. सव्वीस मुलं वर्गात बसून होती आणि आत बसल्याचं दुःख एकालाही नव्हतं. मॅडमनी खिडकीतून पाहिलं. मुलं एकमेकांची वाक्यं तपासत होती. सोमवारी सकाळी मॅडम स्वतः राळेगणसिद्धीच्या थांब्यावर उभ्या राहिल्या आणि बसमध्ये चढल्या.

लंकाबाईनं वही पिशवीत खाली दडपली आणि दाराशी उभी राहिली. पोरं दगडासारखी गप्प. वाडेगव्हाण गेलं. मॅडम पहिल्या सीटवर ताठ बसलेल्या. पळव्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं बस अडकली आणि तेवढ्या शांततेत धवलचा आवाज आला.

"मॅडम, मे आय आस्क? व्हॉट इज 'खोडकर' इन इंग्लिश?"

"नॉटी," मॅडम म्हणाल्या.

"अँड 'खट्याळ'?"

"नॉटी."

"अँड 'व्रात्य'?"

"वेल… नॉटी."

"'द्वाड'? 'वांड'? 'आगाऊ'? 'इरसाल'?" मागून एकेक आवाज यायला लागला. पोरांनी गेल्या महिन्यात गोळा केलेला सगळा माल बाहेर काढला.

"ऑल आर नॉटी," मॅडम म्हणाल्या, पण म्हणतानाच त्यांचा चेहरा बदलला. तीन पिढ्यांची मास्तरकी आतून ढुश्या द्यायला लागली. "नाही, नाही, थांबा," त्या एकदम उठून उभ्या राहिल्या आणि दांडी धरून मागं वळल्या. "सगळं एका मापानं कसं मोजता? खट्याळ मूल खोडी काढतं, पण त्यात गोडवा असतो, त्याचा राग येत नाही. व्रात्य मूल खोडी काढतं आणि वर तोंड करून उभं राहतं. वांड म्हणजे ज्याला आवरता आवरत नाही तो. आगाऊ म्हणजे न विचारता मध्ये तोंड घालणारा. आणि इरसाल हा शब्द लहान मुलांना वापरत नाहीत. इरसाल होण्यासाठी माणसाला वय लागतं, अनुभव लागतो. वरून साळसूद आणि आतून पक्का बेरकी असावा लागतो…"

बोलताबोलता त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या लंकाबाईवर गेली. लंकाबाई अतिशय साळसूदपणे उभी होती.

मॅडम थांबल्या. अडतीस पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. ट्रॅक्टर बाजूला झाला होता, पण बिभीषणही बस हलवायचं विसरला होता. तेवढ्यात लंकाबाईनं पिशवीतून वही काढली, टोपण दातांनी उघडलं आणि अक्षरं लावत लावत लिहिलं: प्रेमला मॅडम.

"तुमचाच नियम हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "एक बी विंग्रजी शब्द न्हवता."

हसायची हिंमत कुणाची झाली नाही. शाळा आल्यावर मॅडमनी हात पुढं केला, वही घेतली आणि आत निघून गेल्या.

घरी आल्यावर आसारामनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं. "गेली नोकरी. तरी म्हनत हुतो, दार उघड, दार लाव."

"गेली तर गेली," लंकाबाई म्हणाली, पण तिला पोरं आठवत होती. अपूर्वा आता खिडकीपाशी बसून मोठ्यानं बोलायची. धवलला अजून सातदा नाव लागायचं होतं, त्यानं बिभीषणाशी तशी पैज लावली होती. भाकरीचा घास तिच्या तोंडात नुसताच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर वही उघडी होती. मॅडमनी त्यात काही ठिकाणी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं.

"तुम्ही 'अपूर्वा'चा पू पहिला काढता," मॅडम म्हणाल्या. "दुसरा हवा."

"व्हय मॅडम."

"आणि नियम बदलतोय. आजपासून बसमध्ये इंग्लिश बोला नाहीतर मराठी बोला, पण जे बोलाल ते अख्खं बोला. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं चालणार नाही. इंग्लिशची वाक्यं मी तपासेन. मराठीची तुम्ही. आणि खेळाचा तास कुणाचाच बंद नाही."

लंकाबाईनं मान हलवली. दारापर्यंत गेल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "मॅडम, ते इरसाल कुनाला म्हनला हुता?"

"लंकाबाई, बस सुटेल," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

सगळंच गोडीगुलाबीनं झालं असं नाही. धवलचे वडील कंपनीत क्वालिटी मॅनेजर. ते पालकसभेत उठून म्हणाले, "मॅडम, हा काय प्रॉब्लेम आहे? माझा मुलगा घरात मला करेक्ट करतोय. मी काही डिस्कस करायला लागलो की फिंगर्सवर काउंट करतो."

धवल त्यांच्या शेजारीच होता. त्याची बोटं चालू होती. "सहा," तो म्हणाला.

सभेला हसू आवरलं नाही. वडील आधी चिडले. मग खाली बसले आणि नंतर बाहेर पार्किंगमध्ये, लंकाबाईच्या कानावर पडलं, पोराला विचारत होते, "'डिस्कस'ला काय म्हणतात रे?" धवलनं बापाला वाट बघायला लावली, आणि मग मोठ्या मेहरबानीनं सांगितलं.

यंदा जूनमध्ये बसवर एक नवी मुलगी आली. लिपिका तिचं नाव, पहिलीतली, वडील ओडिशाहून सुप्याच्या कारखान्यात आलेले. तिला मराठी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम. पोरं वाक्यं म्हणायला लागली की ती खिडकीला नाक लावून बसायची. तीन दिवस लंकाबाईनं पाहिलं. चौथ्या दिवशी ती तिच्यापुढं उकिडवी बसली, आणि हातवारे करून, तोंडाच्या नाना तऱ्हा करून विचारलं, "तुझी आई घरात कशी बोलते? तसं बोल. तुझ्या आईवानी."

लिपिकानं आजूबाजूला पाहिलं. मग एक लांबलचक वाक्य तिनं एका दमात म्हणून टाकलं. कुणालाही अक्षर कळलं नाही.

"मावशी, हे तुम्ही कसं तपासणार?" धवलनं विचारलं. "मधे इंग्लिश शब्द असला तर?"

"नसंल," लंकाबाई म्हणाली. "तोंड बघ तिचं. घरातलं हाय." आणि तिनं वहीत नाव लिहिलं. लिपिका त्या दिवशी पहिल्यांदा दात दाखवून हसली. पुढचे दोन दात पडलेले होते.

संध्याकाळी लिपिकाची आई थांब्यावर उभी होती. तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. लंकाबाईनं तिला ते वाक्य विचारलं. आईनं मुलीच्या कानाशी तोंड नेलं, मुलीनं पुन्हा म्हणून दाखवलं आणि आईनं लाजून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बऱ्याच आग्रहानंतर अर्थ कळला: ही मोठ्या आवाजाची बाई मला खाणार तर नाही ना?

बिभीषण स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. त्याला कुणी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. लंकाबाईनं दार लावलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि लिपिकाला ओरडून सांगितलं, "आज न्हाई खात! उद्या ये!"